दूधगंगेच्या अलीकडं एक वीजदर, पलीकडं दुसरा. नवीन लाइन कुठं टाकावी?

भट्टीकर_कागल
नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत माझी छोटी फौंड्री आहे, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, एक टनाची इंडक्शन फर्नेस (विजेवरची भट्टी), महिन्याला साधारण १२० टन चांगलं कास्टिंग (ओतीव माल) बाहेर पडतं. ऑर्डर बऱ्या आहेत म्हणून दुसरी फर्नेस आणि दुसरी लाइन टाकायचं वर्षभर डोक्यात घोळतंय. प्रश्न एवढाच की ती इथंच टाकायची का कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकात, निपाणी-कणगल्याच्या बाजूला. आमच्या गेटपासून हद्द मोटारसायकलवर वीसेक मिनिटं. तीच माणसं, तीच भाषा, तीच वाळू, तेच स्क्रॅप, गिऱ्हाईकसुद्धा तेच, फक्त मीटरवरचा शिक्का बदलला की महिन्याचं बिल बदलतं. माझ्या एका नातेवाइकांची बेळगावला फौंड्री आहे, त्यांचं बिल आणि माझं बिल शेजारी ठेवून बघितलं तर सगळं धरून युनिटमागं दोन रुपयांच्या आसपास फरक दिसतोय. मला किलोमागं सव्वा युनिट लागतं (मेल्टिंग, कॉम्प्रेसर, सॅण्ड प्लांट, शॉट ब्लास्टिंग सगळं धरून) म्हणजे किलोला अडीच रुपये झाले. आता ज्यांचा कास्टिंगशी संबंध नाही त्यांना अडीच रुपये म्हणजे काहीच वाटणार नाही, पण आमच्यात रेट ठरवताना पन्नास पैशांवरून तीन-तीन मीटिंगा होतात. अडीच रुपये म्हणजे माझं सगळं मार्जिन आलं त्यात.

दहा-बारा वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या उद्योजकांनी आम्ही कर्नाटकात जातो असा इशारा दिला होता ते आठवत असेल, तवंदी घाटाच्या बाजूला जागा बघायची भाषा झाली होती. तेव्हा मी नोकरीला होतो, मला ते सगळं राजकारण वाटायचं. आता स्वतःचं बिल भरतोय तेव्हा कळतंय की ती माणसं रागानं नाही, हिशेबानं बोलत होती.

ज्यांनी तिकडं युनिट टाकलंय, किंवा टाकून परत आलेत, त्यांनी खरं काय ते सांगावं.

उद्यमबाग_बेळगाव
दादा, मी बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीत मशीन शॉप चालवतो, तुमच्यासारखी भट्टी नाही पण एचटी (उच्च दाबाचं) कनेक्शन आहे. दर कमी आहे हे खरं, त्यात वादच नाही. फेब्रुवारी २०२४ च्या आदेशात एचटी इंडस्ट्रीचा युनिटचा दर ७ रुपये ४० वरून ६ रुपये ९० झाला, तेव्हा आम्हालाही बरं वाटलं होतं. पण त्याच्या आधीचं वर्ष आठवा. २०२३ च्या जूनमध्ये जी बिलं आली ती बघून इकडच्या लोकांनी डोक्याला हात लावला होता, हुबळीच्या उद्योग-व्यापार चेंबरनं २२ जूनला बंदची हाक दिली, बेळगावातले उद्योजकसुद्धा रस्त्यावर आले. आणि त्याच वर्षी पाऊस गेला, धरणं भरली नाहीत, ऑक्टोबरला विजेची एवढी टंचाई की पाळ्या लावायला नको वाटायचं. पुढं एप्रिल २०२५ ला वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी म्हणून युनिटला ३६ पैसे वेगळे लागले. ते दरात दिसत नाहीत, बिलात खाली दिसतात. सांगायचा मुद्दा, तुम्ही आजचा फरक बघून पंधरा वर्षांची शेड बांधायला निघालाय. पंधरा वर्षं तोच फरक राहील हे कोण लिहून देणार?

खर्चीवाला_इचल
आमचं दुखणं वेगळं आहे पण मूळ एकच. मी खर्चीवर माग चालवतो, २४ साधे माग, सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपण फक्त विणायचं आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घ्यायची. यंत्रमागाला सवलतीचा दर आहे म्हणून आम्ही जिवंत आहोत. पण ती सवलत म्हणजे सरकारचा निर्णय, आज आहे उद्या नाही. मध्ये ऑनलाइन नोंदणी केली नाही म्हणून २७ एचपीच्या वरच्यांची सवलत थांबली होती तेव्हा आमच्या गल्लीत काय अवस्था होती ते मी बघितलंय, लोकं सकाळी माग चालू करायच्या ऐवजी मोबाईलवर अर्ज भरत बसलेली आणि व्यापारी मजुरीत एक पैसा वाढवायला तयार नाही. म्हणून बेळगावच्या दादांचं मला पटतंय. स्वस्त-महागापेक्षा पुढच्या वर्षी काय दर असेल हे माहीत नसणं जास्त मारतं.

ग्रीड_काका
मी वीज क्षेत्रात तीस वर्षं काढून निवृत्त झालोय, पारेषणात होतो, म्हणून थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

लोकांना वाटतं हद्दीपलीकडची वीज वेगळी. तसं नाही. कोल्हापूर-चिक्कोडी २२० केव्हीची लाइन जुनी आहे, पण तेव्हा दक्षिणेची ग्रीड (विजेच्या तारांचं जाळं) आणि आपली ग्रीड एका तालात चालत नव्हत्या, म्हणून वीज द्यायची तर तिकडचा किंवा इकडचा थोडा भाग तोडून दुसऱ्या ग्रीडला जोडावा लागायचा. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिण ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली गेली, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी. त्या रात्री कंट्रोल रूममध्ये आम्ही फ्रिक्वेन्सीचा आकडा डोळ्यात तेल घालून बघत होतो. पुढं धारवाडजवळच्या नरेंद्रहून कोल्हापूरला लाइनही आली. म्हणजे तारेच्या हिशेबानं तुमची भट्टी आणि बेळगावची भट्टी एकाच विहिरीचं पाणी पितात.

मग दर वेगळा का? कारण विहीर एक असली तरी वाटप राज्याराज्यानं. वीज हा समवर्ती सूचीतला विषय, दर ठरवतो राज्याचा आयोग, २००३ च्या कायद्याच्या कलम ६२ खाली, आणि विजेवरचा कर तर निव्वळ राज्याचा. कर्नाटकाकडं शरावती, काळी असे मोठे जलविद्युत प्रकल्प आहेत, एकट्या शरावतीचं केंद्र १०३५ मेगावॅटचं, भांडवल केव्हाच फिटलेलं. वर पावागडचं २०५० मेगावॅटचं सौर पार्क. आपल्याकडं कोयना आहे, १९६० मेगावॅट, पण ती आपण संध्याकाळच्या जादा मागणीसाठी वापरतो, आणि तिला पश्चिमेला सोडायचं पाणीही कृष्णा पाणीवाटप लवादानं बांधून दिलेलं. आपला मुख्य भार कोळशावर, तो कोळसा बराचसा लांबून रेल्वेनं येतो.

दुसरं कारण क्रॉस सबसिडी. शेतीपंप आणि लहान घरगुती ग्राहक यांना खर्चाच्या खाली वीज मिळते, तो खड्डा काही सरकार भरतं, उरलेला उद्योग आणि व्यापारी ग्राहक भरतात. केंद्राच्या २०१६ च्या धोरणात म्हटलंय की दर सरासरी खर्चाच्या २० टक्के वर-खाली एवढ्यातच असावेत. कागदावर आहे.

भट्टीकर_कागल
काका, खूप धन्यवाद, हे एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. मग माझा भाबडा प्रश्न, तार एकच आहे तर मी तिकडची वीज इथं बसून का घेऊ शकत नाही?

ग्रीड_काका
प्रश्न भाबडा नाही, कायद्यानं घेता येते. १ मेगावॅटच्या वर मागणी असली की ओपन ॲक्सेस, म्हणजे तार इथलीच पण वीज दुसऱ्या कुणाकडून घ्यायची. २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेसच्या नियमांनी सौर-पवन विजेसाठी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. २००८ पासून पॉवर एक्स्चेंज, म्हणजे विजेचा बाजारही आहे. पण वीज बाहेरून घेतली तर पारेषण आकार, वहन आकार, वाटेतल्या गळतीचा हिस्सा आणि त्यावर क्रॉस सबसिडी अधिभार. हा शेवटचा म्हणजे तुम्ही गाव सोडलं तरी गावाची वर्गणी भरायची तसला प्रकार. सगळं मिळवलं की फायदा बऱ्याचदा वाळूत पाणी जिरावं तसा जिरतो. त्यातल्या त्यात ग्रुप कॅप्टिव्हमध्ये (अनेकांनी मिळून स्वतःपुरता प्रकल्प) हा अधिभार लागत नाही, त्यासाठी सौर प्रकल्पात वापरणाऱ्यांचे मिळून २६ टक्के भांडवल पाहिजे आणि निम्म्याहून जास्त, ५१ टक्के वीज त्यांनीच वापरली पाहिजे. चार-पाच फौंड्रीवाले एकत्र येऊन करतात. तुमच्या एकट्याच्या १२० टनावर ते झेपणार नाही.

पहिली_पाळी
मी मालक नाही, भट्टीवर आहे, सोळा वर्षं झाली. कुणी आमच्या बाजूनं बोलत नाही म्हणून लिहितोय. रात्री दहा ते सकाळी सहा युनिटला दीड रुपया सूट होती, आणि संध्याकाळी सहा ते दहा १ रुपया १० पैसे जादा, म्हणून आमच्या मेल्टिंगची पाळी कायम रात्री. माझी दोन्ही पोरं मोठी झाली ती मी दिवसा झोपलेला बघत. एका दीड रुपयासाठी अख्ख्या वसाहतीतल्या माणसांची रात्र दिवस झालेली. आता सौरमुळं सगळं उलटं चाललंय असं सुपरवायझर म्हणाले, सूट दिवसा उन्हाच्या वेळेला. २०२३ मध्ये केंद्राचा नियम झाला म्हणे की उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी पाहिजे. मला तरी हे बरं वाटलं. मे महिन्यात दुपारी भट्टीपुढं उभं राहणं सोपं नाही, पण घरी रात्री असेन.

उद्यमबाग_बेळगाव
दादा तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्याकडंही रात्रपाळीवाले आहेत.

हिशेबाची_वही
मी कॉस्टिंगचं काम करते, कोल्हापूर-सांगलीतल्या बऱ्याच युनिटची बिलं हातातून जातात. भट्टीकर दादा, तुम्ही युनिटच्या दरावर अडकलाय. बिलाचं पहिलं पान उलटा आणि डिमांड चार्जेस बघा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज ओढता त्यावरचा महिन्याचा आकार, तो केव्हीएत मोजतात. तुम्ही म्हणता किलोला सव्वा युनिट आणि १२० टन, म्हणजे महिन्याला दीड लाख युनिट. एक टनाची भट्टी आणि बाकीचं धरून डिमांड ८५० केव्हीएच्या आसपास असणार, बरोबर?

आता गणितासाठी आपल्याकडं केव्हीएला ५५० रुपये धरा, तिकडं ३४०. ८५० गुणिले ५५० झाले ४ लाख ६७ हजार ५००. ते दीड लाख युनिटवर वाटले तर युनिटला ३ रुपये १२ पैसे. तिकडं तेच १ रुपया ९३ पैसे. म्हणजे सव्वा रुपयाच्या जवळचा फरक नुसत्या डिमांडचा आहे, युनिटच्या दराचा नाही. आता पुढचं ऐका. याच डिमांडवर तुम्ही दीडच्या ऐवजी तीन लाख युनिट वापरली असती तर इथंच बसून तुमचे ३ रुपये १२ चे १ रुपया ५६ झाले असते. म्हणजे हद्द ओलांडून डिमांडमध्ये जेवढे वाचतात त्यापेक्षा जास्त आहे त्याच भट्टीला पूर्ण काम देऊन वाचतात. तुमचा लोड फॅक्टर, म्हणजे डिमांडच्या मानानं प्रत्यक्ष वापर, २५ टक्क्यांच्या आत आहे. भट्टी दिवसातले किती तास खरंच वितळवते?

आणि दुसरी भट्टी टाकली की डिमांड दुप्पट, मग हाच रोग दोन ठिकाणी.

भट्टीकर_कागल
ताई, डिमांड ८४० आहे, तुम्ही जवळपास बरोबर सांगितलं. तास विचारलेत म्हणून आज दिवसभर भट्टीजवळ वही घेऊन बसलो. खरं सांगतो, मला धक्का बसला. हीट (एका वेळचं वितळलेलं लोखंड) तयार होते, १४५० च्या वर तापमान जातं, स्लॅग (वरचा मळ) काढून होतो आणि मग भट्टी थांबते. कशासाठी? तर मोल्ड (वाळूचे साचे) तयार नाहीत. लॅडल (ओतायचं भांडं) गरम करून माणूस उभा, पोअरिंगवाले उभे, आणि तिकडं मोल्डिंगवर दोन बॉक्स बंद व्हायचेत. तेवढा वेळ मेटल थंड होऊ नये म्हणून पॉवर कमी करून भट्टी चालूच ठेवायची. आज एका पाळीत असं सहा वेळा झालं, एकदा पंचवीस मिनिटं. ती पंचवीस मिनिटं मीटर फिरतंय आणि एक किलोसुद्धा वितळत नाहीये. सहा वर्षं मी हे रोज बघत होतो आणि मला वाटत होतं माझी भट्टी कमी पडते.

हिशेबाची_वही
तेच. तुमची भट्टी कमी पडत नाही, मोल्डिंग कमी पडतंय. हे मी दर दोन-तीन युनिटमागं एका ठिकाणी बघते.

अजून एक. बिलिंग डिमांड ठरताना मागच्या ११ महिन्यांतल्या सगळ्यात मोठ्या डिमांडच्या ७५ टक्क्यांचा नियम आहे. एखाद्या दिवशी भट्टी फुल पॉवरला असताना सॅण्ड प्लांट आणि दोन्ही कॉम्प्रेसर एकदम चालू झाले तर तो अर्धा तास पुढं वर्षभर मागं लागतो. सकाळी सगळं एकदम चालू करू नका, दहा-दहा मिनिटांनी करा. आणि एप्रिल २०२० पासून एचटीला केव्हीएएचवर बिल आहे (नुसती कामी आलेली नाही, ओढलेली सगळी वीज मोजायची), त्यामुळं पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली कामी आलेली वीज) घसरला की थेट युनिट वाढतात, वेगळी दंडाची ओळ दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही. तो सांभाळणारं कपॅसिटर पॅनल शेवटचं कधी तपासलं?

खर्चीवाला_इचल
ताई, हे सगळं बरोबर आहे, पण म्हणून दर जास्त आहे हे सोडून द्यायचं का? आपणच आपल्यात चुका शोधत बसलो तर वरचे म्हणणार बघा, यांचं काही म्हणणं नाही. सरकारनं २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली, तिकडं उद्योग वाढावा म्हणून, त्याला माझा विरोध नाही, तिथली गरज खरी आहे. पण हद्दीवरचा उद्योग रोज शेजारच्या राज्याच्या दराशी झुंजतो त्याचा विचार कुठंच नाही. गडहिंग्लज, चंदगड बघा, हलकर्णीला एमआयडीसी आहे, तिथला पोरगा कामासाठी बेळगावला नाहीतर पुण्याला जातो.

हिशेबाची_वही
दादा, सोडून द्या असं मी अजिबात म्हणत नाही. आयोगाची जनसुनावणी लागते तेव्हा हरकत लिहायलाच पाहिजे आणि ती किलोमागच्या आकड्यानं लिहायला पाहिजे. 'दर परवडत नाही' या वाक्याला तिथं वजन नाही. 'माझ्या १२० टनाला, किलोमागं एवढे रुपये, पलीकडं एवढे, माझी ऑर्डर या तारखेला या कारणानं गेली' याला आहे. मी तीन युनिटना अशी हरकत लिहून दिली आहे, कुणाला हवी असेल तर नमुना देते.

उद्यमबाग_बेळगाव
एक राहिलंच. दरापेक्षा सप्लाय कसा आहे ते विचारा. आमचं मशीन बंद पडलं तर एक जॉब खराब होतो. भट्टीचं काय होतं ते तुम्हीच सांगा.

भट्टीकर_कागल
सांगतो. गेल्या जुलैमधली गोष्ट. रात्री पावणेदोन, बाहेर मुसळधार, भट्टीत आठशे किलो मेटल तयार आणि फीडर (वसाहतीला वीज आणणारी लाइन) गेला. शेडमध्ये एकदम काळोख, उजेड फक्त भट्टीच्या तोंडातून, लाल. पहिलं काम मेटलचं नाही, कॉइलचं. कॉइलमधून पाणी फिरायचं थांबलं तर तांब्याची नळी जाते आणि पाणी मेटलपर्यंत पोचलं तर माणसं जातात. वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह हातानं उघडला, मग डिझेल जनरेटर चालू केला, तो फक्त पंप आणि क्रेन ओढतो, भट्टी नाही ओढत. चाळीस मिनिटं वाट बघितली. वर साय धरावी तसा थर धरायला लागला तेव्हा ठरवलं की काढायचं. आठशे किलो तयार मेटल जमिनीत वाळूत चर काढून ओतलं, पिग (पुन्हा वितळवायचे तुकडे) म्हणून. साडेतीनला लाइट आली. लायनिंगला (भट्टीच्या आतल्या अस्तराला) चिरा, ती तोडून नवीन रॅमिंग (अस्तर ठोकून बसवणं), दोन दिवस भट्टी बंद. त्या दोन दिवसांचं नुकसान अडीच रुपयांच्या हिशेबात कुठंच बसत नाही.

म्हणून तिकडच्या नातेवाइकांना परवा विचारलं, तुमच्याकडं वर्षात किती वेळा असं होतं. ते म्हणाले पावसाळ्यात तीन-चार वेळा. माझ्याकडंही तेवढंच.

ग्रीड_काका
हद्दीच्या दोन्ही बाजूंना फीडर त्याच झाडांखालून जातात आणि पाऊसही तोच. पावसाळ्याच्या आधी तुमच्या फीडरवरची फांद्यांची छाटणी झाली का हे मे महिन्यात लेखी विचारा, पाच-सहा कारखान्यांनी एकत्र सही करून. जूनमध्ये विचारलं तर उशीर झालेला असतो. आणि तुमचा फीडर फक्त उद्योगांचा आहे का त्यावर गावठाणही आहे, तेही बघा.

पहिली_पाळी
टाकीच्या व्हॉल्व्हला लांब दांडा लावून घ्या मालक. काळोखात शिडी चढून व्हॉल्व्ह उघडणं जिवावरचं काम आहे. आमच्यात एकजण पडलाय.

भट्टीकर_कागल
लावतो. उद्याच लावतो. तुमचं नाव माहीत नाही पण मनापासून आभार.

बाकी आठवडाभरात काय केलं ते लिहितो, म्हणजे पुढं कुणी धागा वाचला तर उपयोगी पडेल. निपाणीच्या बाजूच्या जागेचा विसार देणार होतो, तो थांबवला. कायमचा नाही, थांबवला. दुसऱ्या फर्नेसचं कोटेशन बाजूला ठेवलं आणि मोल्डिंगच्या जोड लाइनचं मागवलं, ती आहे त्याच शेडमध्ये उत्तरेच्या भिंतीला बसते, मापं घेतली. दोन पाळ्यांत ती चालली तर ताईंच्या हिशेबानं तीन लाख नाही तरी अडीच लाख युनिटपर्यंत त्याच डिमांडवर जाईन. कपॅसिटर पॅनल उघडून बघितला, बारापैकी तीन कपॅसिटर फुगलेले होते, बदलले. सकाळी कॉम्प्रेसर आणि सॅण्ड प्लांट एकदम चालू करायचे नाहीत म्हणून स्टार्टरवर खडूनं वेळा लिहून ठेवल्यात.

आणि दराचं मी सोडलेलं नाही. कर्नाटकात विजेवर ९ टक्के कर आहे, आपल्याकडं उद्योगाला साडेसात, म्हणजे करात आपण कमी आहोत, तरी शेवटचा आकडा आपलाच मोठा येतो, हेही हरकतीत लिहिणार आहे. ताई, तो नमुना मला पाहिजे. खर्चीवाले दादा, तुमचे पिकाचे आकडे द्या, कास्टिंग आणि कापड एकाच हरकतीत नाही बसणार पण दोन्ही एकाच दिवशी दाखल करू.

खर्चीवाला_इचल
देतो. रविवारी माग बंद असतात, दुपारी वही घेऊन बसतो.

हिशेबाची_वही
नमुना पाठवलाय, व्यक्तिगत निरोपात बघा. मागच्या १२ महिन्यांची बिलं सगळी जोडा, फक्त वाढलेली नको. कमी आलेलं बिलसुद्धा जोडा.